तसबिरीचा खिळा

माझ्या आईशी भांडून जिंकलेला माणूस मी लासुर्ण्यात पाहिला नाही. आमच्या विहार समितीचे तात्या काही लेचेपेचे नव्हते. उसाच्या पाण्यावरून वाद लागले की भल्याभल्यांना गप्प बसवणारा माणूस. पण त्या जयंतीला आईपुढे उभे असताना ते सारखे रुमालाने मान पुसत होते, आणि त्याला काही नुसतं ऊन कारण नव्हतं.

“तात्या, खिळा वर कुणी ठोकला?” आईने विचारलं. अंगावर पांढरंशुभ्र पातळ, हातात हार, मागे सगळी वस्ती.

“वैनी, शप्पत सांगतो, खिळ्याला कुणी बोटबी लावलं न्हाय. पोरांनी भितीला रंग दिला, येवढंच.”

“मग माझा हात का पोचंना?”

तात्यांनी पुन्हा मान पुसली. आई ही आई, ती चुकणं शक्य नाही, आणि खिळाही हललेला नाही. वस्तीतल्या लोकांनी या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या मानल्या आणि सगळे भिंतीकडे बघत बसले. शेवटी आईने टाचा उचलल्या, कसाबसा हार खिळ्यात अडकवला आणि रागाने लाल होऊन खाली बसली. टाचा उचलाव्या लागल्या याचा तिला फार राग आला होता. तो का, ते सांगते.

विहार पूर्वी म्हणजे चार खांब आणि वर पत्रे. पक्क्या भिंती बांधायचं ठरलं तेव्हा पायाच्या मातीची पहिली पाटी आईने डोक्यावर घेतली आणि तिच्यामागून बाकीच्या बायकांनी. भिंती उभ्या राहिल्या, तसबीर लावायची वेळ आली. तसबीर कुणाची हे सांगायला नको, आमच्या वस्तीत नुसतं ‘तसबीर’ म्हटलं की पुरतं. गवंड्याने विचारलं, किती उंचीवर लावू? पुरुष मंडळी वाद घालू लागली. कुणाला छतापाशी हवी, कुणाला दारावर. आई उठली, भिंतीपाशी गेली, टाचा जमिनीला टेकवून उभी राहिली आणि हात सरळ वर नेला. “हितं ठोक,” ती म्हणाली. “स्टूल लागंल इतक्या वर न्हाय. बाईमानसाला हार घालाया कुणाला हाक मारावी लागता कामा नये. आन् टाचा उचलायच्या न्हाईत. आपल्या पायांवर नीट उभं ऱ्हायाचं.”

तिचं बोट जिथे लागलं होतं तिथे गवंड्याने खिळा ठोकला. तेव्हापासून दर जयंतीचा पहिला हार आईचा. हा मान तिला कुणी ठराव करून दिला नव्हता. तिने तो घेतला आणि कुणाला वावगं वाटलं नाही.

भांडणाच्या दुसऱ्या वर्षी तात्यांनी शहाणपणा केला. जयंतीच्या आधी, आई शेतात असताना, त्यांनी खिळा उपटला, भोक चुन्याने बुजवलं आणि खिळा थोडा खाली ठोकला. आईचा हात बरोबर पोचला. “बघा, मी म्हनत न्हवते?” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. तात्यांनी मान डोलावली. त्याच्या पुढच्या वर्षी खिळा आणखी एकदा खाली आला. सगळ्या वस्तीला हे ठाऊक होतं आणि सगळी वस्ती तोंडाला कुलूप लावून होती. माझ्या वहिनीने, म्हणजे भावाच्या बायकोने, मला सांगितलं तेव्हा आम्ही दोघी न्हाणीत तोंडावर पदर घेऊन हसलो. माणसाचा मान राखावा तर आमच्या वस्तीने.

मी तेव्हा बारामतीला एका शाळेत शिकवत होते. आई लासुर्ण्याला भावाकडे. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. थोडा ऊस, दोन म्हशी, आणि या सगळ्यावर आईचं राज्य. खिळा दुसऱ्यांदा खाली आला त्याच वर्षीच्या हिवाळ्यात कारखाने सुरू होते, फडांत तोड चालली होती, आणि आई म्हशींसाठी वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या शेंड्यांचा, भारा डोक्यावर घेताना मटकन खाली बसली. पाठीत चमक भरली म्हणाली. वहिनीने मीठ गरम करून शेकलं, तेल चोळलं. चमक काही जाईना. कूस बदलायची तरी तिच्या तोंडून आवाज निघायचा, आणि माझी आई कण्हणाऱ्यांतली नव्हती. भावाने शाळेत फोन केला. मी रविवारी जाऊन तिला बारामतीच्या एसटीत घातलं.

रस्ताभर उसाच्या गाड्या आणि ट्रॅक्टर. प्रत्येक खड्ड्याला आई पुढच्या सीटचा दांडा गच्च धरायची. अर्ध्या वाटेवर ती एकदम म्हणाली, “पोरी, मला खाटंवर पडाया लावू नका. बाकी काय बी करा.”

ती असं का म्हणाली ते मला कळलं. माझी आजी, म्हणजे तिची आई, उंबऱ्याला ठेचकाळून पडली होती. मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं. त्यानंतर ती पडवीतल्या खाटेवरून उठलीच नाही. आईने तिचं सगळं केलं, हागणंमुतणंसुद्धा. पाठीला जखमा झाल्या, त्या धुतल्या. पडवीत चालायचा वास मला अजून आठवतो. आजी शेवटीशेवटी कुणाशी बोलायची नाही, भिंतीकडे तोंड करून असायची. आईला साप, विंचू, पुढारी, कशाचीच भीती नव्हती. त्या खाटेची होती.

बारामतीच्या डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या. केस आखूड आणि बोलणं मोजकं. त्यांनी आईला आधी झोपवलं नाही की तपासलं नाही. समोर बसवलं आणि प्रश्न विचारायला लागल्या.

“वय किती, आजी?”

“त्ये न्हाय ठावं. आमी धम्म घेतला तवा माझ्या अंगाची हळद निघाली न्हवती.”

डॉक्टरीणबाईंनी मनातल्या मनात हिशेब केला. “म्हणजे साठीला आलात. पाळी कधी थांबली?”

आईने आधी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “हिच्या लग्नाच्या आदीच.”

“म्हणजे चाळिशीच्या आतबाहेर,” मी म्हटलं.

“लवकर थांबली.” त्या पुढे वाकल्या. “आजी, पाळी येते तोवर अंगातलं एक हॉर्मोन हाडांची राखण करतं. पाळी गेली की राखण जाते. हाड बाहेरून तसंच दिसतं, पण आतून विरळ होत जातं. दुखतही नाही, म्हणून कळत नाही. हे मनगट वाकडं कशानं?”

“अंगणात घसरले व्हते. हात टेकला आन् मोडला. सडा घालत व्हते.”

“धावत होतात? उंचावरून पडलात?”

“न्हाय वो. उभ्याउभ्या पडले. पडल्यावर हाड मोडनारच की.”

“धडधाकट हाड उभ्याउभ्या पडून मोडायला नको, आजी. मिश्री लावता?”

आईने कमरेची डबी पदराखाली ढकलली. “सकाळ-संध्याकाळ.”

“आणि मधे?”

“मधे दात शिवशिवले तर.”

मी हसले. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. “तुमच्या आईचं कधी हाड मोडलं होतं?”

आईने खाली मान घालून सगळं सांगितलं, खाटेसकट. सांगताना तिचा आवाज बारीक झाला. तिचा तसा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

“तरुणपणी उंची किती होती?”

“आमची उंची कोन मोजतंय? आमाला काय फौजेत जायाचं व्हतं?” आई सावरून पहिल्यासारखी बोलली. “हाय तेवढीच हाय. मी कशाला बुटकी व्हईन?”

आणि त्या क्षणी मला विहाराची भिंत आठवली. मी खिळ्याची गोष्ट सांगितली. आईने तो कसा ठोकून घेतला, टाचा टेकवून, हात वर करून. मग तो कसा दोनदा खाली आला. डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. आई माझ्याकडे बघत राहिली.

“खाली घेतला? कुणी?”

“आजी, हात वर करा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी आईचे दोन्ही हात खांद्यातून फिरवून पाहिले. खांदे मोकळे होते. “म्हणजे हात आखडला म्हणून नव्हे. आता त्या भिंतीपाशी चला. टाचा भिंतीला, पाठ भिंतीला. डोकंही टेकवा.”

आईचं डोकं टेकेना. तिने हनुवटी वर केली, तरी नाही. डॉक्टरीणबाईंनी डोक्यामागे हात घातला. अख्खी मूठ आत गेली. मी बघत होते. इतकी वर्षं आई मान पुढे काढून चालते ते तिच्या तोऱ्यामुळे, अशी आमची समजूत होती.

नंतर त्यांनी आईला हात न टेकता उकिडवं बसून उठायला लावलं. पाठ दुखत असतानाही आई बसली आणि उठली. एका पायावर उभं राहायला सांगितलं, तर ती बगळ्यासारखी उभी राहिली आणि वर विचारते, “किती येळ?” तेव्हा मात्र डॉक्टरीणबाईंचा चेहरा खुलला.

फोटो काढला. पाठीचे मणके पुढच्या बाजूने दबले होते, एक नव्हे, तीन. नवा एक त्या भाऱ्यापायी, बाकीचे कधी दबले ते आईलाही सांगता येईना. हाडाची घनता मोजायचं यंत्र पुण्याला आहे, त्या म्हणाल्या, हवं तर जाऊन या. “पण मनगट, मणके, यांच्या आईचं मोडलेलं हाड आणि तुमचा तो खिळा, एवढ्यावर मला कळलंय. औषध आजच सुरू करू.”

आई खुर्चीत ताठ बसली, म्हणजे जमेल तितकी ताठ. “बाई, येक सांगा. मी माझ्या आईवानी खाटंवर पडनार का?”

“नाही पडणार, असं मी म्हणणार नाही,” डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. “धोका आहे. तुमच्या वयाच्या इतर बायकांपेक्षा जास्त आहे. पण आजी, हाड मोडायला दोन गोष्टी लागतात. एक, हाड कच्चं असणं. ते तुमचं आहे. दुसरी, पडणं. तुमचे पाय आणि तोल माझ्यापेक्षा चांगले आहेत. ते तसेच राखा. रोज चाला, उन्हात बसा, गोळ्या चुकवू नका. मिश्री आजपासून बंद, तंबाखूनं हाड आणखी विरतं. भारे बंद. आणि स्टुलावर, शिडीवर, माळ्यावर चढायचं नाही.”

बाहेर आल्यावर आई म्हणाली, “बाई खरं बोलली. गोड बोलली असती तर मी तिच्या गोळ्या खाल्ल्या नसत्या.”

परतीच्या एसटीत तिने गोळ्यांची पुडी पदराला बांधली. मग म्हणाली, “समद्यांना म्हाईत व्हतं?”

“हो.”

“आन् कुनाच्याबी मनात आलं न्हाय, खिळा खाली का घ्यावा लागतोय?”

तिने खिडकीतून बाहेर बघत स्वतःशीच मान हलवली आणि हसली. “मान देऊ देऊ मला पार खाटंपतूर न्यायला निघाली व्हती मानसं.”

गाडीतून उतरली ती घरी न जाता विहारात. भिंतीवर खिळ्याच्या वर दोन ठिकाणी चुन्याखाली खळगे होते. तिने त्यांवरून बोटं फिरवली. वरच्या खळग्यापर्यंत काही तिचं बोट गेलं नाही. तात्यांना बोलावणं धाडलं. ते आले, आईचा चेहरा पाहून दारातच चपलांशी चाळा करत राहिले.

“तात्या, खिळा पयल्या जागी ठोका.”

“वैनी, पर तुमचा हात...”

“माझा हात पोचंना म्हनून तर. खिळा हलवला तर कोनती बाई खचती त्ये कळनार कसं? मी पानी भरती, भाकऱ्या थापती, मलाच कळलं न्हाय. खिळ्याला कळलं व्हतं, तर तुमी त्यालाबी गप केला.”

तात्यांनी दुसऱ्या दिवशी खिळा जुन्या भोकात ठोकला. या वेळी लपूनछपून नाही, आई समोर उभी असताना.

आईने मिश्रीची डबी चुलीत टाकली. पुढचे काही आठवडे घरात कुणी तिच्या वाऱ्याला उभं राहत नव्हतं. म्हशीसुद्धा तिला बघून पाय आवरायच्या, असं भाऊ म्हणायचा. पण पुन्हा डबी आली नाही. वहिनीने न्हाणीतली शेवाळलेली फरशी विटेच्या तुकड्याने घासून काढली, उंबऱ्यापुढचं गोणपाट उचललं. आई सकाळी कालव्याच्या कडेने चालायला जाऊ लागली. बाई कामाशिवाय चालते हे बघून लोक विचारायचे, कुठं निघालात? “कुठंच न्हाय,” ती म्हणायची आणि पुढे जायची. पाठ हळूहळू शांत झाली. वाकलेली ती वाकलेलीच राहिली.

जयंती आली. मला रात्रीपासून धाकधूक होती. खिळा वर आणि आईचा स्वभाव मला माहीत. विहारात पाऊल ठेवलं तर समोरच स्टूल. समितीच्या पोरांनी प्रेमाने आणलेलं, वर पांढरी चादर अंथरलेली. चादर गुळगुळीत, खालची फरशी गुळगुळीत. तिला सगळ्यांसमोर अडवावं तर तिचा अपमान, न अडवावं तर ती खाट.

वंदना झाली. आई हार घेऊन तसबिरीपाशी गेली आणि स्टुलापुढे थांबली. तिने तसबिरीकडे पाहिलं, स्टुलाकडे पाहिलं, मग पायानेच स्टूल बाजूला सरकवलं.

“सूनबाय, हिकडं ये.”

वहिनी पुढे गेली. आईने हार तिच्या हातात दिला. तिने हात वर नेला आणि सवयीने टाचा उचलल्या.

“टाचा,” आई म्हणाली.

वहिनीने टाचा टेकवल्या आणि हात ताणला. हार खिळ्यात बसला. आईने खालून त्याची टोकं दोन्ही बाजूंना सारखी केली. तेवढं तिच्या हाताला येत होतं.

मग ती वळली आणि तिने सगळ्या वस्तीला सांगितलं. आडपडदा नाही, लाज नाही. “खिळा वर गेलेला न्हाय. मी खाली आले. माझी हाडं आतून विरली. पाळी गेली की बाईची हाडं विरत्यात आन् दुकतबी न्हाय. ज्यांची पाळी गेली त्या बाया उठा. भितीला पाठ लावून उभ्या ऱ्हावा.”

पुरुषांसमोर ‘पाळी’ हा शब्द उच्चारल्यावर आधी कुणी हललं नाही. तात्या उठले, “चला रं,” म्हणाले आणि पुरुषांना, पोरांना घेऊन बाहेर मंडपात गेले. मग तात्यांच्या पत्नी, आमच्या काकू, पदर आवरत उठल्या आणि त्यांच्यामागून एकेक. विहाराच्या भिंतीला पांढऱ्या पातळांची रांग लागली. टाचा भिंतीला, पाठ भिंतीला. आई प्रत्येकीच्या डोक्यामागे हात घालत चालली होती. “तुझं टेकतंय. तुझं पन टेकतंय. तुझं दोन बोटं. मनगट मोडलं व्हतं ना तुझं त्या साली? बारामतीला जायाचं. मी येते संगं.” बायका खिदळत होत्या, एकमेकींना ढोसत होत्या, पण जागची एकही हलली नाही. मला तेव्हा माझ्या आईचा इतका अभिमान वाटला की डोळ्यांतलं पाणी पुसायचंही सुचलं नाही.

रांगेच्या शेवटी मी उभी होते. माझी पाळी अजून थांबली नव्हती, तरी मी उभी राहिले. आईने माझ्या डोक्यामागे हात घातला. तो गेला नाही. तिने माझ्या गालावरून बोटं फिरवली.

“आता तू,” मी म्हटलं.

ती माझ्या जागी उभी राहिली. मी तिच्या डोक्यामागे हात नेला. मूठ आत गेली. डॉक्टरीणबाईंची गेली होती तितकीच.

“वाडलं का?” तिने हळूच विचारलं.

“नाही, आई. तेवढंच आहे.”

तिने पदर कमरेला खोचला. “मग चल. जेवनं वाडायचीत.”

पुढे ती पुष्कळ वर्षं जगली. खिळा तिथेच होता आणि हार वहिनी घालत होती. आई शेवटच्या आठवड्यापर्यंत कालव्याच्या कडेने चालत होती, आणि खाटेवर ती आडवी झाली ती फक्त रात्री झोपायला.